नव्वद दिवसांची पर्मनंट नोकरी

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२. हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीत १८ वर्षं झाली. मूळचे टेस्टिंगमधले, गेली सहा वर्षं डिलिव्हरी मॅनेजर, पॅकेज २८ लाख. अमेरिकन विमा कंपनीचा प्रकल्प अकरा वर्षं सांभाळला. आता कराराचं नूतनीकरण आलंय आणि क्लायंटने निम्मीच माणसं मागितलीत. आरएमजीचे, म्हणजे कुणाला कुठल्या प्रकल्पावर लावायचं ते ठरवणाऱ्या विभागाचे, फोन सुरू झालेत. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ६२ हजार, मुलगी दहावीत. नोकरी टिकेल का? अडीच लाखांचा एआयचा कोर्स करू का? आणि आयटीत शाश्वती म्हणून काही उरलंय का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘उरलंय का’ म्हणताय, म्हणजे ती पूर्वी होती असं तुम्ही धरून चाललाय.

मी या धंद्यात १९९८ साली आलो. कोबोल या जुन्या संगणक भाषेतल्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायची, एवढंच काम. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सहा महिन्यांनी कन्फर्मेशनचं पत्र मिळालं, ते मी साताऱ्याला घेऊन गेलो. वडिलांचा एकच प्रश्न होता, ‘पर्मनंट केलं का?’ त्यांनी चष्मा लावून पत्र पूर्ण वाचलं आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. कोणत्याही पक्षाने एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवावा, अशा अर्थाची ती ओळ होती. ‘याला पर्मनंट नाही म्हणत,’ एवढं बोलून त्यांनी पत्र परत दिलं. मला तेव्हा राग आला होता. तुमच्या पत्रात त्या जागी बहुधा ९० दिवस असतील. आपल्या क्षेत्रातली लेखी शाश्वती तेवढीच, आणि ती पहिल्या दिवसापासून तेवढीच होती.

मग वीस वर्षं सुरक्षित का वाटलं? कारण धंदा वाढत होता. दर वर्षी खाली हजारो फ्रेशर येत, त्यामुळे वरच्यांना आपोआप हाताखाली माणसं मिळत आणि पदं तयार होत. वाढ थांबली की हीच रचना उलटते. २००१ मध्ये कॉलेजमध्ये ऑफर मिळालेली मुलं जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत वर्षभर घरी बसलेली मी पाहिली आहेत. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली आणि आपल्याकडे अमेरिकन बँकांचे प्रकल्प एकेक करून आटायला लागले. त्यावर ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला. त्या काळात मी स्वतः ७४ दिवस बेंचवर, म्हणजे पगारावर पण प्रकल्पाविना, होतो. सकाळी डबा घेऊन निघायचं, कार्ड स्वाइप करायचं आणि कॅफेटेरियात तोंड लपवत बसायचं. त्यामुळे तुमच्या पोटात काय होत असेल ते मला कुणी सांगायला नको.

आताची लाट त्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, ती नीट समजून घ्या. २०२१-२२ मध्ये सगळ्या जगाला एकदम डिजिटल व्हायचं होतं आणि पैसा जवळजवळ फुकट होता. टीसीएसने त्या एका आर्थिक वर्षात एक लाखाहून जास्त माणसं वाढवली. इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २०२२ च्या मध्यावर २८ टक्क्यांच्या वर गेलं. त्या दिवसांत एका उडीत पगार दुप्पट करून घेतलेले लोक तुमच्याही ओळखीत असतील. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवायला सुरुवात केली, ते जुलै २०२३ पर्यंत शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले. तिकडे पैसा महागला आणि इकडे नव्या प्रकल्पांवरच्या सह्या लांबल्या. २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून अधिक घटली. आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतले लोक असतील, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं काही असेल तर हे वाक्य. पूर्वीच्या मंदीत झळ दाराशी उभ्या असलेल्या पोरांना बसायची. या खेपेला ती आपल्या वयाच्या लोकांना बसतेय.

असं का, हे मी आरएमजीत चार वर्षं काढल्यामुळे सांगू शकतो. बाहेरच्यांना वाटतं, तिथे बसून कुणीतरी चांगले आणि वाईट असे दोन ढीग करतं. तसं नसतं. तिथे एक शीट असते. नाव, ग्रेड, लोकेशन, स्किल, बिलिंग रेट (क्लायंटला लावलेला तासाचा दर), महिन्याचा खर्च, बेंचचे दिवस. तुम्ही रात्री अडीचला उठून प्रॉडक्शनचा बिघाड निस्तरला होता, हे सांगणारा रकाना त्या शीटमध्ये नाही.

तुमचीच ओळ मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमचे खरे आकडे घालून तुम्ही परत करा. समजा तुमच्या जागेचा ऑफशोअर, म्हणजे भारतात बसून केलेल्या कामाचा, रेट तासाला २२ डॉलर. महिन्याचे १६० तास, डॉलर ८५ रुपयांचा धरला तर क्लायंटकडून आले साधारण तीन लाख. २८ लाखांच्या पॅकेजमध्ये तुमचा महिन्याचा खर्च २ लाख ३३ हजार. खुर्ची, लॅपटॉप, बस, विमा, वरच्या लोकांचा वाटा असे ४५ हजार आणखी धरा. कंपनीच्या हातात राहिले वीस-एकवीस हजार. आता त्याच जागेवर सात वर्षं अनुभवाची, १४ लाखांची मुलगी बसवली तर सव्वा लाखाच्या वर उरतात. तुम्ही बेंचवर आलात की कंपनीचे रोजचे नऊ हजारांवर जातात, रविवार धरून. टीसीएसने २०२५ मध्ये नियमच केला: वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल (ज्यांचे पैसे क्लायंट देतो असे), बेंच जास्तीत जास्त ३५ दिवस. बाकीच्यांनी कागदावर लिहिलं नसेल, पण डोक्यात आकडा सगळ्यांच्या आहे.

आणि मी ‘तुमच्या जागेचा रेट’ म्हणालो, पण मॅनेजरच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे. अनेक करारांत मॅनेजर अर्धाच बिलेबल असतो, काहींत अजिबात नसतो. त्याचा खर्च टीमच्या रेटमध्ये मुरवलेला असतो. टीम चाळीसची होती तोवर तो मुरला. वीसची झाली की तो वर तरंगायला लागतो. म्हणून पुढच्या आठवड्यात पहिलं काम हे करा: नव्या करारात तुमचं नाव किती टक्के बिलेबल आहे ते अकाउंट मॅनेजरला, म्हणजे या क्लायंटशी करार सांभाळणाऱ्याला, सरळ विचारा. चहा पिताना विचारा, मेलवर नको. तो आकडा ५० च्या खाली असेल तर हा अकाउंट तुम्हाला सांभाळणार नाही, मग संबंध कितीही चांगले असोत.

आता एआयबद्दल. तुमच्या खुर्चीवर उद्या यंत्र येऊन बसणार, ही भीती मला वायफळ वाटते. पण ‘एआय माणसाला पर्याय नाही’ हे कंपनीच्या टाउनहॉल सभेतलं पालुपदही तितकंच फसवं. प्रत्यक्षात ते कराराच्या दारातून येतं. क्लायंट नूतनीकरणाच्या बैठकीत विचारतो, ‘तुमची माणसं आता ही साधनं वापरतात, मग तेवढेच तास मला का लावता?’ समोर स्पर्धक कंपनी पंचवीस टक्के कमी माणसांचा प्रस्ताव घेऊन बसलेली असते. आपल्या लोकांना ते मान्य करावंच लागतं, साधनाने खरोखर तेवढे तास वाचोत न वाचोत. तुमच्याकडे निम्मी माणसं मागितली ती अशीच.

टेस्टिंगमध्ये तर तास खरोखर वाचतातही. माझ्या टीमने गेल्या वर्षी विम्याच्या क्लेमचं एक रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेला कागद, एआय साधनाला दिलं. दोन माणसांना आठवडा लागला असता एवढ्या टेस्ट केस (काय काय तपासायचं त्याच्या नोंदी) त्याने चहा होईपर्यंत लिहून दिल्या. त्यातल्या बऱ्याच टाकाऊ होत्या, काही चक्क चुकीच्या होत्या. पण टाकाऊ कुठल्या, हे ओळखायला तिथे एक बाई होत्या. नऊ वर्षं क्लेममध्ये काढलेल्या. अमेरिकेत विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे एका राज्यात बरोबर असलेली केस शेजारच्या राज्यात चूक ठरते. त्यांनी अर्ध्या दिवसात चाळणी केली. टीममध्ये त्यांची जागा पक्की झाली, आणि फक्त केस टाइप करणाऱ्या तिघांना दुसरीकडे जावं लागलं. तुम्ही अकरा वर्षं त्याच धंद्यात आहात. तुमच्याकडे त्या बाईंचं ज्ञान आहे की त्या बाईंच्या टाइमशीट मंजूर करण्याचं, याचं उत्तर तुम्ही स्वतःलाच द्या. कडक बोलतोय, पण मुलाखतीत समोरचा याहून गोड बोलणार नाही.

मी अजूनही मुलाखती घेतो. सोळा-सतरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मी एकच विचारतो: ‘शेवटचा अवघड डिफेक्ट कुठला सापडला, आणि कसा?’ दहातले सात जण ‘माझी टीम ते बघते’ असं उत्तर सुरू करतात. मध्यंतरी एक गृहस्थ आले होते. प्रेझेंटेशन सुरेख, पन्नास माणसं सांभाळलेली, पण डेटाबेसमधून माहिती काढणारी एक साधी एसक्यूएल क्वेरी लिहिताना दोन तक्ते जोडणाऱ्या जॉइनवर अडले आणि शरमले. मलाच वाईट वाटलं. कारण ही चूक त्यांची एकट्याची नाही. आपल्याकडे हाताने काम करणं म्हणजे मागे राहणं, असं अप्रेझलमध्ये पंधरा वर्षं शिकवलं गेलं. ‘अजून कोड लिहितोस?’ हा टोमणा होता. आता तीच माणसं म्हणतात, हॅंड्स-ऑन हवा.

तेव्हा उरलेल्या तिमाहीत काय कराल? नवं काही शिकण्याआधी जुनं हातात घ्या. टीममधल्या एखाद्याची आपोआप चाचणी करणारी ऑटोमेशनची स्क्रिप्ट स्वतः चालवा, मोडा, दुरुस्त करा. कंपनीने जे एआय साधन मंजूर केलंय तेच वापरून तुमच्याच प्रकल्पाच्या एका मॉड्यूलची रिग्रेशन चाचणी (बदलानंतर जुनं सगळं नीट चालतंय ना, ती) रचून दाखवा. क्लायंटचा डेटा बाहेरच्या कुठल्याही साधनात चुकूनही टाकू नका. त्यापायी एका दिवसात बाहेर काढलेली माणसं मला माहीत आहेत. आणि हे करताना तुमचा विम्याचा अनुभव पुढे ठेवा, टेस्टिंगचा त्यामागे. ‘टेस्ट मॅनेजर’ हा शब्द बाजारात भारंभार पडलाय. ‘अमेरिकन वाहन विम्याचे क्लेम मला आतून माहीत आहेत आणि त्याची चाचणी मी उभी करू शकतो’ असं म्हणणारे मोजके आहेत.

ते कोणाला हवेत? परदेशी कंपन्यांच्या इथल्या स्वतःच्या केंद्रांना, ज्यांना सगळे जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात. देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांत जवळपास १९ लाख माणसं काम करतात, असा नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेचा २०२४ चा हिशेब होता. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस यांची मोठी केंद्रं आहेत, विमा कंपन्यांचीही आहेत. तिथे तुमच्या रेटचा प्रश्न येत नाही, धंद्याच्या ज्ञानाला किंमत असते. मात्र तिथे गेलो की सुटलो असंही समजू नका. निर्णय सातासमुद्रापार होतो आणि कळतो तो शुक्रवारच्या कॉलवर. पॅकेज चार-पाच लाखांनी कमी मिळालं तरी जागा बिनकामाची नसेल तर घ्या. २८ लाखांचा अहंकार बेंचवर फार महाग पडतो, त्या शीटमध्ये आपणच आपली ओळ जड करून ठेवलेली असते.

एक गोष्ट आताच करा: नोकरी चालू असताना शोधायला लागा. ९० दिवसांच्या नोटिशीमुळे रिक्रूटर नाक मुरडतात, म्हणून तुमच्या कंपनीत बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटिशीतून सुटका, मिळतो का, किती दिवसांत सोडतात, हे आधी काढून ठेवा.

आता नको असलेला प्रसंग. एखाद्या दिवशी मीटिंग रूममध्ये बोलावतील. एचआर असेल, बहुधा तुमचा बॉसही असेल, खाली बघत. ‘परफॉर्मन्स’ किंवा ‘रिस्ट्रक्चरिंग’ असा शब्द येईल आणि मग सांगतील, आता पोर्टलवर राजीनामा टाका, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकला तर टर्मिनेशन, मग पुढे नोकरी मिळणं अवघड. पुण्यात हे किती खोल्यांमध्ये झालंय, विचारू नका. त्या खोलीत काहीही सही करू नका, काहीही क्लिक करू नका. ‘मला हे मेलवर पाठवा, दोन दिवसांत उत्तर देतो’ एवढंच बोला आणि बाहेर या. राजीनामा तुम्ही दिलात की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही स्वखुशीने गेलात. कंपनीने काढलं तर तिला कारण द्यावं लागतं, पैसे द्यावे लागतात. दोन दिवसांत वाटाघाट होते. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. एका महिन्याच्या पगाराचे तीन महिन्यांचे पगार होताना पाहिलेत, ते शांतपणे ‘लिहून द्या’ म्हणणाऱ्यांचेच.

कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावला. कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई, हे पूर्वीप्रमाणेच आहे. नवीन म्हणजे पुन्हा कौशल्य मिळवण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम. पण हे ‘कामगारा’ला. तांत्रिक काम करणारा त्यात येतो. व्यवस्थापकीय काम करणारा येत नाही, आणि देखरेख करणाऱ्याचा पगार महिना १८ हजारांच्या वर असला तर तोही नाही. गंमत बघा, ज्या ‘मॅनेजर’ शब्दासाठी आपण दोन अप्रेझल भांडलो तोच शब्द आपल्याला छत्रीबाहेर काढतो. न्यायालयं नुसतं पद पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतात. म्हणून रजा मंजूर करायचा, माणसं घ्यायचा-काढायचा अधिकार तुम्हाला खरंच होता का, याला महत्त्व आहे. कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते, पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा प्रकरणांत मदत करते. पण वेळ लागतो, वर्षंही लागतात. तोवर हप्ता थांबत नाही, हे धरूनच लढायचं ठरवा.

काही पैसे मात्र भांडणाविना तुमचे आहेत. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की काढणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. ‘फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात’ ही जुनी सवय आहे. ग्रॅच्युइटीचं गणित सोपं: मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ८० हजार धरला तर तुमच्या १८ वर्षांचे सव्वाआठ लाखांच्या वर होतात. ही रक्कम हिशेबात धरा, पण गृहकर्जात भरून मोकळे होऊ नका. गेल्या वर्षीचा बोनस तुम्ही कर्जात भरला असं लिहिलंय, ते आता थांबवा. बँक भरलेले पैसे परत देत नाही. बारा हप्त्यांचे साडेसात लाख हाताशी असू द्या, एफडीत किंवा ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात, ज्यातून भरलेले पैसे परत काढता येतात.

आणि आरोग्य विमा. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो, आईवडिलांसकट. स्वतंत्र पॉलिसी याच महिन्यात काढा. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ते घड्याळ आजच सुरू झालेलं बरं. माझ्या माहितीतल्या एकाची नोकरी गेली आणि पाचव्या आठवड्यात वडिलांची अँजिओप्लास्टी करावी लागली. नोकरी जाण्यापेक्षा त्या बिलाने तो जास्त खचला.

मुलीला कॉम्प्युटरला घालू का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. तिला आवडत असेल तर घाला. साडेतीन लाखांची फ्रेशरची ऑफर वर्षानुवर्षं जवळपास तिथेच आहे, म्हणून ‘इंजिनिअर झाली की कॅम्पसमधून लागेल’ या भरवशावर मात्र नको.

तुम्ही घरी अजून काही सांगितलेलं नाही, तेही वाचलं. २००९ मध्ये मीही सांगितलं नव्हतं. ६० व्या दिवशी वडिलांनीच फोनवर विचारलं, ‘हल्ली दुपारी फोन लगेच कसा उचलतोस?’ मी सांगून टाकलं. ते थोडं थांबून म्हणाले, वर्कशॉपमध्ये गाडी नसली की आम्ही स्पॅनर धुऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी मी कॅफेटेरियाऐवजी लायब्ररीत जाऊन बसलो आणि डेटाबेसचं पुस्तक उघडलं. चौदा दिवसांनी प्रकल्प मिळाला तो त्या पुस्तकामुळे नाही, कुणीतरी राजीनामा टाकला म्हणून. पण मुलाखतीत उत्तरं देता आली.

आता तो अडीच लाखांचा कोर्स. ज्यांचा अभ्यासक्रम तुम्ही पाठवलाय त्यात चार महिने पायथॉनची ओळख आहे, एक महिना साधनांचे डेमो आणि शेवटी प्रमाणपत्र. यातलं सगळं फुकट किंवा फार तर काही हजारांत मिळतं, आणि ते प्रमाणपत्र पाहून मी आजवर एकालाही घेतलेलं नाही. वर बिनव्याजी म्हणून जो हप्ता सांगितलाय तो खरं तर एका फायनान्स कंपनीचं कर्ज आहे, तुमच्या पॅनवर चढणारं. रद्द करा. बुकिंगचे पाच हजार गेले तर जाऊ द्या.